डागताईंचा बायोडेटा

हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती, आणि लाँड्रीच्या अगदी टोकाला, वाफेच्या पाइपांच्या पलीकडे, एक पांढरं टेबल होतं. टेबलावर वाकवता येणारा दिवा, चार ब्रश, घट्ट बुचांच्या बाटल्या आणि एक बोथट चमचा. त्या टेबलाशी एकोणीस वर्षं एक बाई उभी राहून काम करत होती. मशीनमधून दोनदा काढूनही जे गेलं नाही ते तिच्याकडे यायचं. वाइन सांडलेला टेबलक्लॉथ, कॉलरवरची लिपस्टिक, उशीच्या अभ्र्याला लागलेला केसांचा रंग, कुणाच्या तरी महागड्या कोटावरचं मेणबत्तीचं मेण. तिला चांगलं नाव होतं, हजेरीपटावर ते रोज लिहिलंही जायचं. पण तळघरात सगळे तिला डागताईच म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

एका सोमवारी मॅनेजर स्वतः खाली उतरला. तेव्हाच सगळ्यांच्या माना वर झाल्या, कारण मॅनेजर लाँड्रीत यायचा तो पाइप फुटला तरच. त्या दिवशी पाइप धड होते. मॅनेजरने घसा खाकरला आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून हॉटेलचे कपडे बाहेरच्या कंपनीकडे धुवायला जाणार. अकरा माणसं होती. इस्त्रीवाल्याने इस्त्री तशीच उभी करून ठेवली. कोणी रडलं नाही, कोणी भांडलं नाही. महिनाअखेरीस प्रत्येकाच्या हातात हॉटेलच्या शिक्क्याचं एक पत्र पडलं. त्यात एकच ओळ होती: यांचे काम समाधानकारक होते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मिळेल गं दुसरं. तुझ्यासारखं काम कोणाला येतंय?" तो बस चालवायचा. त्याचा स्वभावच असा, की पुढे ट्रॅफिक तुंबलेली दिसली तरी हा म्हणणार, सुटेल आता.

"काम येतं हो," ती म्हणाली, "पण ते सांगायचं कसं? आता सगळीकडे बायोडेटा मागतात."

तिने जन्मात कधी बायोडेटा केला नव्हता. हॉटेलात लागली तेव्हा लाँड्रीच्या मुकादमाने तिला शाई लागलेला एक शर्ट दिला होता, आणि तासाभराने तो शर्ट बघून "उद्यापासून ये" म्हटलं होतं. तेवढीच तिची मुलाखत.

ती चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदाराकडे तयार साचा होता. तो भराभर विचारत गेला आणि टाइप करत गेला.

"उद्दिष्ट?"

"म्हणजे?"

"राहू दे, मी टाकतो. 'एका गतिमान संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणे.' गुण? मेहनती, प्रामाणिक, ध्येयवादी, संघभावना असलेली. बरोबर ना?"

"असेल."

"छंद?"

तिला पटकन काही आठवेना. कामावरून आल्यावर स्वयंपाक, मग लेकीचा अभ्यास, मग पाय वर करून दहा मिनिटं बसणं. त्याला छंद म्हणतात का, हे तिला ठाऊक नव्हतं.

"वाचन, संगीत आणि प्रवास टाकतो," दुकानदार म्हणाला. "सगळ्यांना तेच टाकतो."

अनुभवाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'लाँड्री विभाग, सहायक, १९ वर्षे'. कागद मात्र छान जाड दिला, कडेने निळी चौकट. तिने त्याच्या वीस प्रती काढल्या आणि चौदा ठिकाणी दिल्या: हॉटेलं, दवाखाने, ड्रायक्लीनर. दीड महिन्यात एकच फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तुम्हाला स्वागतकक्षात बसायला आवडेल का? तुमचा संगीताचा छंद आहे, असं दिसतंय." पुढे वयाची चौकशी झाली आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी तिने उरलेल्या प्रती जेवणाच्या टेबलावर आपटल्या आणि भांडी घासायला लागली. भांडी जरा जास्तच वाजत होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. सासूबाईंनी एका वर्तमानपत्रात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. छापून येणारा प्रत्येक शब्द आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण हातातली लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. औषधाच्या डबीवरचा कागद असो की दारात टाकलेली जाहिरात, त्या वाचायच्या आणि चुकलेली वेलांटी दुरुस्त करूनच बाजूला ठेवायच्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण बोलणं तोलून-मापून. आणि एक गोष्ट सुनेला पक्की माहीत होती, बोलून दाखवली नव्हती इतकंच: आपली सून काय करते असं कोणी विचारलं, की सासूबाई म्हणायच्या, "हॉटेलात असते." लाँड्री हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

भांड्यांचा आवाज थांबला तेव्हा सासूबाईंच्या हातात तो निळ्या चौकटीचा कागद होता.

"हे कोणाचं आहे?"

"माझं. दुसरं कोणाचं असणार?"

"नाव तुझं आहे," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचं मला कोणा भलत्याच बाईचं वाटतंय. कोण आहे ही? प्रवास कुठे करते?"

सुनेला हसूही आलं आणि रागही. "आई, तुम्ही तरी नका ना चेष्टा करू."

"चेष्टा नाही. बस इथे." त्यांनी लाल पेन्सिल काढली. 'मेहनती' वर रेघ मारली. 'प्रामाणिक' वर मारली. 'ध्येयवादी' वर जरा जोरातच मारली. 'उत्कर्ष' शब्दातला र्‍हस्व उकार आधी तपासला आणि मग तोही खोडला. छंद गेले, उद्दिष्ट गेलं. शेवटी कागदावर उरलं नाव, पत्ता, फोन आणि एकोणीस वर्षं.

"हे एवढं खरं आहे," त्या म्हणाल्या. "आता मला सांग, तू तिथे करायचीस काय?"

"मी फक्त डाग काढायचे."

"फक्त नको. कसले डाग?"

एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. दोघींच्याही ते लक्षात आलं. सुनेने ओले हात पदराला पुसून कोरडे केले नाहीत, तशीच खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली.

आधी अडखळत, मग भरभर. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, लावलं की ते कायमचं बसतं. मेण घासायचं नाही. बर्फ ठेवायचा, कडक झालं की बोथट चमच्याने उचलायचं. गंजाला एक औषध, शाईला दुसरं, आणि शाईतही तीन जाती. डाग कशाचा हे पाहुणे कधीच सांगत नाहीत, सांगितलं तर खोटं सांगतात. म्हणून डागाची कड बघायची, वास घ्यायचा, उलट्या बाजूने किती उतरलाय ते बघायचं. कापड कशाचं हे लेबलवर असतं, पण लेबलंही खोटं बोलतात. तेव्हा शिवणीतून एक धागा काढायचा आणि जाळून बघायचा, रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो.

सासूबाईंची पेन्सिल मध्येच थांबली. "हे सगळं तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. चुकत चुकत. मी लिहून ठेवायचे ना."

"कुठे?"

ती आत गेली आणि कपाटाच्या तळातून चार जाड वह्या घेऊन आली. कव्हरं वाफेने फुगलेली, पानांना बाटल्यांचे गोल ठसे. प्रत्येक नोंदीत तारीख, कापड, डाग, काय लावलं, किती वेळ ठेवलं, काय झालं. साधे डाग ती लिहीत नसे. फक्त अवघड गेलेले. सासूबाईंनी पहिली वही उघडली आणि संध्याकाळचा चहा निवेपर्यंत मान वर केली नाही.

"अक्षर बरं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही फार मोठी पावती होती.

पुढचे चार दिवस दुपारी दोघी टेबलाशी बसायच्या. सोळा वर्षांची लेक कॉलेजातून आली, की वह्यांतल्या नोंदी मोजायची. सासूबाईंचा नियम कडक होता: अंदाजे, जवळपास, भरपूर, हे शब्द चालणार नाहीत. जे मोजता येतं ते मोजायचं, जे येत नाही ते लिहायचं नाही. लेकीने दोन वेळा मोजलं. दोन्ही वेळा आकडा जुळला तेव्हा कुठे आजीने तो मान्य केला. सहा हजार दोनशे चौदा अवघड डाग. त्यातले पाच हजार आठशे सत्तावीस निघाले. उरलेल्या तीनशे सत्त्याऐंशींपुढे 'सोडला' असं लिहिलेलं.

"सोडला म्हणजे? जमला नाही?" लेकीने विचारलं.

"जमला असता गं. पण कापड गेलं असतं."

सासूबाईंनी हॉटेलच्या जुन्या हाऊसकीपिंगच्या मॅडमनाही फोन करायला लावला, कारण एका वर्षी नाताळाआधी बँक्वेट हॉलचे पडदे आपण वाचवले होते असं सून म्हणत होती आणि सासूबाईंना साक्षीदार हवा होता. मॅडम फोनवर इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते सगळं स्वतःच लिहून पाठवलं: छत गळून बावीस पडद्यांवर पिवळे ओघळ आले होते, नवीन पडदे यायला दोन महिने लागणार होते, आणि या बाईने तीन दिवसांत बावीसही पडदे परत टांगण्याजोगे करून दिले. पत्राखाली सही, तारीख, फोन नंबर.

जाहिरात शोधली लेकीने. गावातल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयाची होती. तिने मोबाइलवरून वाचून दाखवली: "वस्त्रसंग्रह विभागात सहायक पाहिजे. जुन्या कापडांची स्वच्छता व निगा. पदवी अथवा समकक्ष अनुभव."

"तिथे मला कोण उभं करणार?" डागताई म्हणाली. "पदवीवाली पोरं येतील."

"समकक्ष म्हणजे काय गं आजी?"

"समकक्ष म्हणजे तुझी आई," सासूबाई म्हणाल्या, आणि जाहिरातीत 'स्वच्छता' हा शब्द बरोबर लिहिलाय याची खात्री करून घेतली.

अर्ज जवळजवळ तयार झाला आणि तिथेच दोघींचं वाजलं.

सुनेला आणखी एक गोष्ट लिहायची होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या पाहुणीची रेशमी शाल तिच्या टेबलावर आली होती. फिकट पांढरी, कडेला बारीक भरतकाम, मधोमध कॉफीचा डाग. त्या दिवशी काम फार होतं. तिने सुती चादरींना लावायचं ब्लीच शालीला लावलं. पाच मिनिटांत रेशीम पिवळं पडलं, आणि स्वच्छ पाण्यात धरलं तर बोटाखाली विरघळल्यासारखं सुटलं. शाल त्या बाईंच्या आईची होती. त्या ओरडल्या नाहीत. खाली तळघरात आल्या, शालीचा तुकडा हातात घेतला, "असू दे" म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी डागताईने पहिली वही विकत घेतली. पहिल्या पानावर फक्त त्या शालीची हकिकत होती, डागांच्या नोंदी दुसऱ्या पानापासून. तेव्हापासून शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून दहा मिनिटं वाट बघितल्याशिवाय तिने कुठल्याही कापडाला काहीही लावलं नव्हतं.

"हे मला यात लिहायचंय," ती म्हणाली.

"अर्जात?" सासूबाईंनी चष्मा काढला. "अगं, अर्जात कोणी स्वतःच्या चुका लिहितं का? एकतीस वर्षांत मी शेकडो चुका सोडल्या असतील, त्या काय माझ्या सेवापुस्तकात लिहिल्या?"

"तुम्हीच म्हणालात ना, खरं असेल तेवढं ठेवायचं."

"खरं ठेवायचं म्हणजे सगळं ठेवायचं असं नव्हे. ते वाचणारे काय म्हणतील? ही बाई कपडे खराब करते. झालं, अर्ज टोपलीत."

"आई, बाकीचं सगळं मला जे येतं ते आहे. ते का येतं, ते या एका गोष्टीत आहे. ही काढली, तर त्या आकड्यांना अर्थच राहत नाही. तीनशे सत्त्याऐंशी डाग मी सोडून दिले, ते आळस म्हणून सोडले असंच वाटेल."

"माझं ऐक. तो परिच्छेद मी खोडतेय."

"नका खोडू," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सासूबाईंनी तिच्याकडे दचकून बघितलं. "अर्ज माझा आहे. ते राहील."

संध्याकाळभर एक स्वयंपाकघरात राहिली आणि दुसरी बाहेरच्या खोलीत. नवरा घरी आला, त्याने दोघींचे चेहरे बघितले आणि शहाणपणाने बूट पुसायला बाल्कनीत जाऊन बसला.

सकाळी तिला टेबलावर कागद दिसला. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने अर्ज पुन्हा लिहून काढला होता. शालीचा परिच्छेद शेवटी होता, तिथून उचलून त्यांनी अनुभवाच्या अगदी सुरुवातीला आणला होता. त्यातला फक्त एकच शब्द खोडलेला: 'दुर्दैवाने'.

"दैवाचा काय संबंध?" सासूबाई चहा ओतत म्हणाल्या. "तुझी चूक होती. चूक म्हणूनच लिही."

अर्ज दीड पानाचा झाला. चौकट नाही, छंद नाहीत. एकोणीस वर्षांत कोणती कापडं हाताळली, कोणते डाग, कोणती पद्धत. चार वह्या मागितल्यास दाखवता येतील. पडद्यांचं पत्र सोबत जोडलंय. लेकीने टाइप केलं, आजीने तीनदा तपासलं, आणि शुक्रवारी अर्ज गेला.

अकराव्या दिवशी फोन आला. मुलाखत गुरुवारी, दहा वाजता.

गुरुवारी निघताना तिने इस्त्रीचे साधे कपडे घातले, चारही वह्या पिशवीत टाकल्या. सासूबाई तिला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. समोरच्या दारातल्या शेजारीणबाई कुलूप लावत होत्या. "इतक्या सकाळी कुठे निघालात सूनबाई?" त्यांनी विचारलं.

सुनेने तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "मुलाखतीला चाललीय. वस्तुसंग्रहालयात. एकोणीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत डाग काढत होती ना आमची सून, तिच्याइतकं त्यातलं कोणाला कळत नाही."

शेजारीणबाई "हो का?" म्हणाल्या. जिना उतरताना सुनेला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, म्हणून कठडा घट्ट धरून उतरली.

संग्रहालयाच्या लांब ओसरीत सहा जण आधीच बसले होते. सगळे तिच्याहून लहान, हातात चकचकीत फायली. एका मुलीने तिला विचारलं, "मावशी, तुमची मुलगी आत गेलीय का?" ती म्हणाली, "नाही गं, मीच आलेय." मुलगी ओशाळली आणि सरकून तिला जागा करून दिली.

तिचं नाव शेवटी पुकारलं. आत तिघे होते. मध्ये विभागप्रमुख, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई. डावीकडे संग्रहालयाचे रसायनतज्ज्ञ, आणि उजवीकडे कार्यालयाचे अधीक्षक, ज्यांनी तिचा अर्ज दोन बोटांत धरला होता.

"पदवी दिसत नाही," अधीक्षक म्हणाले.

"नाही. दहावीनंतर शिकले नाही."

"आणि इथे तर तुम्ही स्वतःच लिहिलंय की एका पाहुणीची शाल तुम्ही नष्ट केलीत."

क्षणभर तिला सासूबाईंचं म्हणणं आठवलं. मग ती म्हणाली, "हो. केली. सतरा वर्षं झाली. ती शाल कशी गेली ते मला अजून मिनिटामिनिटाने सांगता येईल. म्हणूनच त्यानंतर एकही गेली नाही."

विभागप्रमुख बाईंनी टेबलाखालून एक सपाट खोकं काढलं, झाकण उघडलं. आत पातळ कागदावर घडी घातलेलं, हातभर लांबीचं जुनं कापड होतं. सायीच्या रंगाचं, कडेला लाल पट्टी, मधोमध तळहाताएवढा तपकिरी डाग.

"हा डाग काढायचा आहे," त्या म्हणाल्या. "कसा काढाल?"

"हात लावू?"

"हातमोजे घालून."

तिने हातमोजे घातले. भिंग मागितलं. खिडकीपाशी नेऊ का विचारलं. मग खोक्यासकट उचलून खिडकीपाशी नेलं, कापड उचललं नाही. आधी तिने डागाकडे बघितलंच नाही. लाल पट्टीवरून भिंग सावकाश फिरवत गेली. मग वाकून वास घेतला. मग डागाच्या मधोमध भिंग धरून बराच वेळ उभी राहिली. अधीक्षकांनी घड्याळ बघितलं. तिने कोणाकडेच बघितलं नाही. ती पुन्हा त्या पांढऱ्या टेबलाशी उभी होती, तोच उजेड, तीच मान वाकवून बघण्याची सवय, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचे हात शांत होते.

"मी हा डाग काढणार नाही," ती म्हणाली.

"काढता येणार नाही, की काढणार नाही?" रसायनतज्ज्ञांनी विचारलं.

"काढणार नाही. हे बघा, लाल पट्टीच्या शेजारी गुलाबी झाक आहे, केसाएवढी. कधीतरी कोणीतरी इथे पाणी लावलंय आणि लाल रंग सुटलाय. मला थेंब टाकून बघायचीही गरज नाही, चाचणी आधीच कोणीतरी घेतलीय आणि कापड त्यात नापास झालंय. आणि डागाच्या मधले धागे तुटायला आलेत. भिंगातून बघा, आडवे धागे जागोजागी तुटलेत, डागानेच त्यांना धरून ठेवलंय. डाग काढला की तिथे भोक पडेल."

"पण समजा, प्रदर्शन आठवड्यावर आलंय," रसायनतज्ज्ञ सोडायला तयार नव्हते. "एवढा मोठा डाग. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, डाग आहे. कापडच राहिलं नाही, तर लोक बघणार काय?"

रसायनतज्ज्ञांनी हसू लपवायला चष्मा पुसायला घेतला.

"मग काहीच करणार नाही तुम्ही?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"वरची धूळ मऊ ब्रशने काढेन, जाळी ठेवून, धागा ओढला जाऊ नये म्हणून. घडी उलगडून सपाट ठेवेन. या घडीवर आणखी वर्षभर राहिलं तर तिथेच फाटेल. आणि डाग कशाचा ते मला नक्की माहीत नाही. गंजाचा वाटतो, पण वाटतं म्हणून मी काही लावणार नाही. ते या साहेबांना विचारेन."

विभागप्रमुख बाई खुर्चीतून उठल्या, खिडकीपाशी आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहून भिंगातून बघायला लागल्या.

"हा तुकडा आम्ही मुलाखतीसाठीच ठेवलाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून सहा जणांनी मला हा डाग काढायच्या आठ पद्धती सांगितल्या. सगळ्या पुस्तकात आहेत. ती गुलाबी झाक एकालाही दिसली नाही." मग त्या अधीक्षकांकडे वळल्या. "अर्ज त्र्याऐंशी आले होते. ब्याऐंशी जणांच्या हातून आयुष्यात काही बिघडलेलंच नाही. मला तशा माणसांची भीती वाटते, साहेब. ते पहिल्यांदा बिघडवतील ते माझ्याकडे."

अधीक्षकांनी अर्ज टेबलावर नीट सरळ करून ठेवला. "समकक्ष अनुभव," ते म्हणाले आणि पेन काढलं. "तसा नियमात बसतो."

"वह्या आणल्यात?" विभागप्रमुखांनी विचारलं.

तिने पिशवीतून वह्या काढल्या. बाईंनी पहिली वही उघडली आणि पहिलंच पान वाचून मान डोलावली. रसायनतज्ज्ञ तिसरी वही घेऊन उभ्याउभ्याच वाचायला लागले. "ही गंजाची नोंद बघा," ते आपल्याशीच बोलले. "हे मला माहीत नव्हतं." डागताई हातमोजे काढायचे विसरून त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या वह्यांवर इस्त्रीवाला कधीमधी चहाचा पेला ठेवायचा, त्या वह्या आता दोन शिकलेली माणसं हातात धरून वाचत होती.

"सोमवारी येऊ शकाल?" विभागप्रमुखांनी विचारलं. "आणि वह्यांची एक नक्कल आमच्या ग्रंथालयात ठेवायची आहे, तुमच्या नावाने. चालेल ना?"

चालेल, असं ती म्हणाली असावी. नंतर घरी सांगताना तिला ते नीट आठवेना. बाहेर ओसरीत आली तेव्हा ती मघाची मुलगी अजून बसली होती. तिचा चेहरा बघूनच मुलगी उठली आणि म्हणाली, "तुम्हाला मिळालं ना? मिळालंच!" आणि ओळखदेख नसताना तिने डागताईला मिठी मारली.

घराच्या स्टॉपवर उतरली तर समोरून नवऱ्याचीच बस येत होती. त्याने बस सिग्नलला थांबवली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि नुसत्या भुवया उडवून विचारलं. तिने रस्त्याच्या या कडेवरून दोन्ही हात वर केले. त्याने हॉर्नवर असा काही हात ठेवला की बसमधले सगळे प्रवासी दचकले. आणि मग त्याने मागे वळून त्यांनाही सांगितलं असावं, कारण बसमधून टाळ्यांचा आवाज आला.

सासूबाई दार उघडूनच उभ्या होत्या. "काय?" एवढंच म्हणाल्या.

"सोमवारपासून."

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. औषधांनी खरखरीत झालेला, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेला हात. कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली: तो हात दोन्ही हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या. "तो परिच्छेद," त्या म्हणाल्या, "मी खोडणार होते."

"खोडला नाहीत ना."

"तू खोडू दिला नाहीस."

बातमी तळघरातल्या माणसांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शनिवारी सकाळी इस्त्रीवाला आपला बायोडेटा घेऊन दारात हजर. निळी चौकट, वाचन, संगीत आणि प्रवास. त्याच्या मागोमाग मशीनवाल्या दोघी बहिणी आल्या. टेबलाभोवती खुर्च्या पुरेनात. डागताईने इस्त्रीवाल्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता सांग दादा, तू करायचास काय?"

"मी आपली इस्त्री करायचो."

"कशाची? किती? कोणते कपडे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत?"

इस्त्रीवाला विचारात पडला. मग म्हणाला, "चुण्यांचे पडदे. आणि डॉक्टरांच्या परिषदेचे एकशेवीस कोट, एका सकाळीत, ते आठवतंय?" आणि तो खुर्चीत ताठ होऊन बसला. अकरातल्या आठ जणांना पुढच्या तीन महिन्यांत कामं लागली. इस्त्रीवाल्याला मोठ्या दवाखान्यात, आणि तेही मुकादम म्हणून.

ठरल्याप्रमाणे त्या सोमवारी डागताई संग्रहालयात गेली. वरच्या मजल्यावर उत्तरेकडे खिडक्या असलेल्या मोठ्या खोलीत तिला एक टेबल मिळालं, आणि टेबलावर कुणा जुन्या सैनिकाचा लोकरी कोट. दिवसभर तिने मऊ ब्रशने, जाळीवरून, एकेक बोट सरकत धूळ काढली. संध्याकाळी विभागप्रमुख येऊन उभ्या राहिल्या.

"किती झालं?"

"एक बाही," ती भीतभीत म्हणाली. "कोपरापर्यंत."

"बापरे," बाई म्हणाल्या, "फार भरभर करता हो तुम्ही. उद्या जरा सावकाश करा."

ती हसली, ब्रश पुसून ठेवला आणि कोटावर पातळ पांढरा कागद पसरला.